जये, तो पातळ पापुद्रा टिकला नाही

जये, तू गेल्यापासून 'काहून' हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. कुणाजवळ काढणार? प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी नाहीतर हिंदी बोलतात, आणि मराठी बोलणारे जे दोघेतिघे आहेत त्यांची मराठी कडक इस्त्रीची. त्यांना मी 'का' म्हणते, 'कशासाठी' म्हणते. 'काहून' जिभेवर आला की गिळून टाकते.

आपली ओळखच अशी झाली होती. मी इथे नवीन होते. केनवडहून इतक्या लांब आलेली, कुणाशी काही बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायचं आणि मग तोंड उघडायचं. तू सूक्ष्मदर्शकाखाली वाकून ॲल्युमिनियमचा पापुद्रा चौकटीवर बसवत होतीस. केसापेक्षा कितीतरी पातळ, नुसता श्वास लागला तरी थरथरणारा. तो चिमट्यातून निसटला आणि फाटला. तू पाठमोरी होतीस. आणि त्या गार, पांढऱ्या खोलीत मला ऐकू आलं, "हात् तुह्या मायचं! फाटलं ना वं बाई!"

मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, "कुठची वं तू?"

तू वळलीस. तोंडावरचा मास्क खाली ओढलास. "किन्हीराजा. तू?"

"केनवड."

"मंग आतापरेंत माह्यासंग इंग्रजी कायले फाडून राह्यली होती?"

आपण इतक्या मोठ्याने हसलो की बाजूच्या खोलीतून लोक डोकावले. त्यांना काय कळणार? आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडवर कॉलेजची सगळी वर्षं आपण दोघींनी बस बदलली होती. तू एका बाजूने यायचीस, मी दुसऱ्या. एकाच बाकावर बसलो असू, एकाच नळाला ओंजळ लावली असेल, आणि भेटलो कुठे, तर जिथे आपलं गाव कुणाला नकाशावरही दाखवता येत नाही अशा ठिकाणी.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या आठवड्यात मी परत जायचं ठरवत होते. घरी फोन करून 'मले नाई जमत' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. तुझा तो पापुद्रा फाटला नसता तर मी आज कुठल्या तरी शाळेत शिकवत असते. हे सांगायला बरेच मोके आले, पण तू लगेच म्हणाली असतीस, "बस बस, रडू नको आता," म्हणून राहून गेलं. मग राहूनच गेलं.

आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी गडबडायचे. तुझं तसं नव्हतं. तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात बायकांनी तुला घेरलं, "नेमकं करतं काय तू तिथी?" मी बाजूला बसले होते. तू हातातली पत्रावळ उभी धरलीस. "हे पत्र्याचा पापुद्रा समजा. समोरून लेझरचा उजेड मारायचा. लय जोरात, पन डोळ्याचं पातं हलाच्या आत संपून जाते. तो उजेड पापुद्र्यावर पडला का त्यातले इलेक्ट्रॉन भडकतात अन मांगच्या अंगानं बाहीर पळतात. अन वरातीत नवरदेवाची घोडी पुढं निघाली का सारी वरात मांगं ओढल्या जाते ना? तसे त्याइच्या मांगं प्रोटॉन ओढल्या जातात. तोच आमचा किरण."

एक म्हातारी म्हणाली, "समोरून मारता अन मांगून निघते?"

"मांगूनच निघते, आजी."

"अन तो प्रोटॉन का काय, तो त्या पत्र्यातलाच?"

"तेच तर. पत्र्यातला नाई. पत्र्याच्या मांगं जी ओल असते, तेलकट मयल असते, त्यातला. कितीबी पुसा, ते राह्यतेच. आमचं सारं काम त्या मयलीवर चाललं."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. इतकी वर्षं शिकून मला जे दहा वाक्यांत सांगता येत नव्हतं ते तू जेवणाच्या पंगतीत सांगून मोकळी झालीस. मला तुझा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

पण तुझं ते सांगणंच पुढे आपल्या भांडणाचं मूळ झालं.

किन्हीराजाच्या शाळेत तुला बोलावलं होतं. तू मलाही ओढून नेलंस. पोरं सतरंजीवर, मागे गावातली माणसं, आणि पुढे खुर्चीवर तुझी माय, नवं लुगडं नेसून. तू छान बोललीस. शेवटी कुणीतरी विचारलं, याचा उपयोग काय. तू म्हणालीस, "एक दिवस या किरनानं पोटातली गाठ जाळता येईन. आज त्यासाठी इमारतीएवढी मशीन लागते. आमच्या रीतीनं ते मशीन एका खोलीत मावन. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवता येईन."

टाळ्या वाजल्या. तुझी माय मागे वळून सगळ्यांकडे पाहत होती.

मालेगावला येईपर्यंत मी गप्प होते. स्टँडवर रसवंतीपाशी तूच म्हणालीस, "बोल ना. कवाची फुगून बसली."

"कायले सांगितलं तू ते? तालुक्याच्या दवाखान्यात! आपल्या फिल्मवर निळा डाग किती आत उतरतो, तुले माहीत नाई का?"

डाग म्हणजे आपली सगळी कमाई. पापुद्र्याच्या मागे आपण फिल्मचा गठ्ठा लावतो, किरण ज्या थरापर्यंत पोचतो तिथपर्यंत निळा डाग उमटतो. अंगात शिरायचं म्हटलं तर आपला किरण कातडीच्या खाली जेमतेम मिलिमीटरभर, फार तर थोडा आणखी. पोटातली गाठ कुठे आणि तो कुठे.

"आज नाई पोचत," तू म्हणालीस. "मी आज म्हनलं का? एक दिवस म्हनलं."

"त्या लोकाइले 'एक दिवस' म्हनजे पुढच्या वर्षी वाटते, जये. खोटी आशा देऊ नये."

"उशिराची आशा हाये. खोटी नाई."

"त्याइच्यासाठी सारखंच."

तू रसाचा ग्लास खाली ठेवलास. "तुले आशा द्याची भीतीच लय. मंग हे काम कायले करतं?"

तेवढ्यात बस लागली. नंतर हे भांडण कितीदा तरी पुन्हा निघालं, आपल्या दोघींच्या खोलीवर भाजी निवडताना, लिफ्टमध्ये, पापुद्रा ठेवलेल्या चेंबरमधली हवा उपसली जाईपर्यंत वाट पाहत बसलो असताना. कुणीच हरलं नाही. दुसरं भांडण कामाचं होतं आणि तेही तसंच. तुला पापुद्रा अजून पातळ हवा होता. जितका पातळ तितकी मागच्या बाजूची ओढ जबर, तितका किरण खोल. मी म्हणायचे, मुख्य झोताच्या पुढे जो मंद उजेड धावतो तो इतक्या पातळ पापुद्र्याला आधीच वितळवून टाकेल, मग झोत मारणार कशावर? तू म्हणायचीस, "मारून तर पाहू." मी म्हणायचे, "आधी तो उजेड कापू." वरिष्ठांनी माझं ऐकलं. तू रुसलीस, आणि रुसून तसे पातळ पापुद्रे चौकटीवर बसवूनही ठेवलेस, कधीतरी वेळ मिळेल म्हणून.

मग तुझं पोट दुखायला लागलं.

आपण आधी ते बाहेरच्या खाण्यावर ढकललं. मग तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी गाठ म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं, आपलं ते शाळेतलं भाषण तुलाही त्याच क्षणी आठवलं हे मला कळलं. आपण दोघींनी तो विषय काढला नाही. मोठ्या यंत्रातून प्रोटॉन देणाऱ्या दवाखान्यातही तू कागद पाठवलेस. आजार आधीच पसरला होता. ते म्हणाले, याने उपयोग होणार नाही. औषधं सुरू झाली, केस गेले, आणि एके दिवशी तू म्हणालीस, "मले घरी जाचं."

मी सुट्टी काढून किन्हीराजाला आले तेव्हा अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या. तू आत बाजेवर होतीस. तुझी माय शेंगा परतवत होती. मी तिच्याजवळ बसले. ती शेंगांकडेच पाहत म्हणाली, "वर्षा, एक इचारू?"

"विचारा ना काकू."

"तुमच्या त्या मशीनीचा किरन तिले काहून नाई देत?"

मी एक शेंग उचलली.

"शाळेत तिनंच सांगतलं व्हतं. म्या सोताच्या कानानं ऐकलं. पोटातली गाठ जाळते मने. तिचंच मशीन, तिचेच लोक. पैसे लागत असतीन तर सांग."

"पैशाचं नाही काकू." मी एक तुरीचा दाणा सोलून तळहातावर ठेवला. "आमचा किरण अंगात गेलाच, तर इतकाही आत जात नाही. तिची गाठ खोल आहे."

तिने दाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "मंग तिनं सांगतलं कायले?"

हाच प्रश्न मी तुला रसवंतीपाशी विचारला होता, जये. पण तिच्या तोंडून तो ऐकताना मला तुझी बाजू घ्यावीशी वाटली. तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"माय, तिले नको इचारू. ते आपल्यासाठी नव्हतं सांगतलं. त्या शाळेतल्या पोट्ट्याइच्या पोट्ट्याइसाठी सांगतलं होतं."

तुझी माय उठली. दारात जाऊन उभी राहिली. "अन माह्या पोट्टीसाठी काय हाये?"

मग ती मागे येऊन शेंगा परतवायला लागली. तिचे हात इतके जोरात चालत होते की शेंगा तडातड फुटत होत्या.

दुपारी तिने तुला पेज भरवली. ती भांडी घासायला गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काही मोठं बोलशील. मी मनात तयारी केली, मलाही बोलायचं होतं. तू म्हणालीस, "ते पातळवाले मारले का?"

"नाई."

"मारून पाह्य ना वं."

"फुटतीन ते, जये."

"फुटू दे. पन पाह्य."

"पाह्यतो," मी म्हटलं. मग तू डोळे मिटलेस. मी तुझे पाय दाबत बसले. जे बोलायचं होतं ते तिथेच राहिलं, तुझ्या घोंगडीच्या घडीत कुठेतरी.

तू गेलीस तेव्हा मी आत नियंत्रण कक्षात होते. झोत सोडायचा भोंगा वाजलेला, दार बंद, फोन बाहेरच्या कप्प्यात. बाहेर येऊन पाहिलं तर पडद्यावर तुझ्याच घरचे नंबर. अकोल्यापर्यंत रेल्वेने आले, तिथून एसटीने. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांनी कुणासाठी थांबायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण तुझा चेहरा मी शेवटचा पाहिला तो डोळे मिटलेला आणि उबदार, आणि अजूनही कधी कधी मला वाटतं की तू घरीच आहेस, सुट्टीवर, आणि आपल्या दोघींच्या त्या खोलीत मी तुझी वाट पाहायला हवी.

खोली तशीच आहे. तुझा पलंग मी हलवलेला नाही. मी आता एका माणसाचा स्वयंपाक करायला शिकते आहे आणि ते जमत नाही, रोज उरतं. घरी आल्यावर आधी तुला दिवसभराचं सांगायची सवय होती, कुणी काय म्हणालं, कोणता पंप बिघडला. आता दिवसभराचं तसंच डोक्यात घेऊन झोपते. सकाळी ते तिथेच असतं.

परत आल्यावर मी तुझे पापुद्रे लावायची परवानगी मागितली. कुणी वाद घातला नाही. तुझं नाव आता इथे लोक जरा हळू आवाजात घेतात. चेंबर बंद केलं, हवा उपसली, सगळे बाहेर आलो. झोत सोडायच्या आधी तू नेहमी म्हणायचीस, "हाण वं!" त्या वेळी नियंत्रण कक्षात कुणीच काही बोललं नाही. मी बटण दाबलं.

फिल्म कोरी निघाली. पहिल्या थरावरही काही नाही. दुसरा पापुद्रा लावला, तिसरा लावला. पातळ पापुद्रे मुख्य झोत पोचायच्या आत उडून गेले होते, मी म्हणत होते तसेच. अगदी तसेच.

मी जिंकले, जये. आणि अख्ख्या इमारतीत ते कुणाला सांगायचं ते मला कळेना. कोरी फिल्म हातात घेऊन मी उभी राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं बाप्पा, हरलो, आता तुह्या मनासारखं करू," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन काहीतरी काढलं असतंस. तू हरायचीस तेव्हा काम पुढे जायचं. मी एकटी जिंकले आणि सगळं थांबल्यासारखं झालं.

आता तो पुढचा उजेड कापायची राहिलेली व्यवस्था पुरी करायचं ठरलं आहे. ती झाली की पुन्हा पातळ पापुद्रे लावू. तेव्हा कदाचित तू बरोबर ठरशील. बसवायचे मात्र मलाच आहेत, आणि माझा हात तुझ्याइतका हलका नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तुझ्या मायचा फोन आला. तिने याआधी मला कधी फोन केला नव्हता. "जेवली का?" असं विचारलं, मग कुठली भाजी, मग पाऊसपाणी. मग म्हणाली, "शाळेतल्या बाई आलत्या. पोट्टे इचारतात मने, त्या लेझरवाल्या बाई पुन्हा कवा येतीन. काय सांगू?"

"मी काय बोलणार काकू. ती छान बोलायची."

"तू ये. तुले जसं येते तसं सांग."

मी आले. त्याच सतरंज्या, तीच पोरं, जराशी उंच झालेली. तुझी माय पुढे बसली होती. मी लेझर सांगितला, पापुद्रा सांगितला, वरातीचं उदाहरण तुझं म्हणून सांगितलं. पोरं हसली. मग उपयोगाचं आलं. मी मायकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हटलं, "याने एक दिवस पोटातल्या गाठीवर इलाज करता येईल असं आम्हाला वाटतं. आज येत नाही. माझ्या हयातीत येईल की नाही मला ठाऊक नाही. जयश्रीच्या हयातीत आला नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एका बाईने विचारलं, "मंग तुमी कायले करता हे?"

मी त्या बाईला म्हटलं, "ती करत होती म्हणून मी टिकले. आता तिच्याशिवाय करून पाहते आहे." हे उत्तर शास्त्राचं नव्हतं. पण त्या गर्दीत मला तेवढंच खरं देता आलं. तुला जे कधी सांगितलं नाही ते मी तुझ्या गावाला सांगून टाकलं.

घरी जाताना तुझी माय माझ्या पुढे पुढे चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बरं झालं उशीर हाये हे सांगतलं. तिनं बी सांगाले पायजे होतं." आणि चार पावलं गेल्यावर, "पन तिनं सांगतलं तवा मले लय बरं वाटलं होतं. तेबी खोटं नव्हतं."

घरात चूल थंड होती. शेजारीण म्हणाली, कधी पेटवतात कधी नाही, आम्ही ताट आणून देतो तर तसंच परत येतं. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मायने विचारलं, "त्या खोलीत तू एकटीच राह्यतं का आता?"

"हो."

"भेव नाई वाटत?"

"भेव नाही वाटत काकू. करमत नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग मी येतो थोडे दिवस. तुरीची दाय घेतो संगं. तुमच्या तिथली दाय चांगली नसते मने, ती सांगे."

तर जये, तुझी माय इथे आहे. तुझ्या पलंगावर झोपते. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, जिने चढते. खालच्या वॉचमनशी वऱ्हाडीत बोलते आणि तो बिहारचा माणूस तिला हिंदीत उत्तर देतो, दोघांचं चांगलं चालतं. मी कामावरून आले की विचारते, "काय झालं आज?" मी पंपाचं सांगते. तिला कळत नाही, पण ती पुरतं ऐकते.

आत्ताही ती आतल्या दारापाशी भाकरी थापते आहे. मघाशी तिने विचारलं, "कवाची काय लिहून राह्यली?"

"जयेले लिहून राह्यलो."

तिचे हात थांबले. मला वाटलं, रडेल. तिने परातीतलं पीठ गोळा केलं, पुन्हा मळलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिले लिह्य, माय जेवून राह्यली आता म्हनाव."